फोटोत मी पांढरा चष्मा घातलाय

तर झालं असं की ऑफिसातल्या एका मॅडमच्या सेंडऑफचा ग्रुप फोटो आला आणि त्यात सगळे माणसांसारखे दिसत होते, फक्त मी पांढरा चष्मा घातल्यासारखी. डोळ्यांच्या खालून पार गालाच्या मध्यापर्यंत उतरलेले दोन पांढरेफटक त्रिकोण. आणि गंमत म्हणजे घरातून निघताना आरशात यातलं काहीच नव्हतं, उलट मी स्वतःवर खूश होऊन निघाले होते. पंचवीस मिनिटं खपून केलं होतं हो सगळं! व्हिडिओत दाखवतात तसं कातडीपेक्षा दोन शेड फिकट कन्सीलर (काळं, डाग झाकायचं क्रीम), त्याचा उलटा त्रिकोण, मग ओल्या स्पंजने थापथाप, मग वर पावडरचा थर. फोटो बघून एका कलीगने अगदी काळजीने विचारलं, "अगं तू गॉगल घालून उन्हात झोपली होतीस का?"

आधी थोडं मागचं सांगते. माझ्या डोळ्यांखालचं काळं कालपरवाचं नाही, शाळेच्या आयकार्डवरच्या फोटोतही ते आहे. आईला आहे, आजीलाही होतं, म्हणजे वारसा हक्कानेच आलंय. त्यामुळे "बरं नाहीये का?", "झोप झाली नाही वाटतं" हे मी नऊ तास झोपून आलेल्या दिवशीही ऐकलंय आणि शेवटी उत्तर द्यायचा इतका कंटाळा आला की मी नुसतं "हो ना" म्हणायला लागले. मेकअप म्हणजे काजळ आणि लिपस्टिक, तिथे माझा विषय संपायचा. मग तिशी उलटली, काळ्याच्या जोडीला बारीक रेषा पण आल्या आणि मी कन्सीलर घेतलं. कुठलं घ्यायचं, कसं लावायचं काही माहीत नाही, व्हिडिओ बघायचे आणि तसं करायचं. जवळपास वर्षभर मी रोज तो त्रिकोण काढत होते आणि रोज दुपारपर्यंत तिथे राखाडी भेगा पडत होत्या, आणि मला वाटायचं कमी पडतंय, म्हणून दुसऱ्या दिवशी अजून थोडं जास्त.

तो फोटो मी माझ्या मावसबहिणीला पाठवला. ताई मेकअप आर्टिस्ट आहे, आधी बरीच वर्षं स्टेजसाठी काम केलं आणि आता कॅमेऱ्यासाठी करते. तिचा रिप्लाय आला, "कुणी केलंय हे?" मी लिहिलं, "मीच." तर म्हणाली, "बरं झालं, मला वाटलं पैसे देऊन करून घेतलंस." मग पुढच्या सुट्टीला मी माझी सगळी पिशवी घेऊन तिच्याकडे दोन दिवस राहायलाच गेले.

पिशवी तिने आधी उघडलीच नाही. "तोंड धू, काही लावू नकोस आणि खिडकीत ये." खिडकीत उभं करून हातात छोटा आरसा दिला आणि म्हणाली, आता हनुवटी वर कर, तोंडावर उजेड सरळ पडू दे आणि बघ काय होतंय. बघितलं तर अर्धं काळं गायब! म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडे तिरकी उतरणारी जी काळी रेघ मला रोज दिसायची ती रंगाची नव्हतीच, तिथे जो खोलगट पन्हाळीसारखा भाग असतो त्याची सावली होती. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड वरून आला की पडायची, समोरून आला की जायची. "हिला तू वर्षभर रंग फासत होतीस," ताई म्हणाली.

मग दुसरं, बोटाने कातडी हळूच कानाच्या दिशेने सरकवायला लावली. बाहेरच्या बाजूचं तपकिरी कातडीबरोबर जसंच्या तसं सरकलं, म्हणजे तो कातडीतलाच रंग, पिगमेंटेशन. आतल्या कोपऱ्यात मात्र ताणल्यावर निळसर जांभळं उलट जास्तच दिसायला लागलं. तिथे खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग वर दिसतो आणि ताणलं की कातडी अजून पातळ होते म्हणून. पापण्यांची आणि डोळ्यांच्या आसपासची कातडी जेमतेम ०.५ मिलिमीटर असते, अंगावरच्या सगळ्यात पातळ कातडीत मोडते, त्यात तिथे तेलग्रंथीही फार कमी. म्हणजे पातळ आणि वर कोरडी. अशा ठिकाणी मी रोज गिलावा करत होते.

थोडक्यात माझ्याकडे तिन्ही प्रकार निघाले, आत निळं, बाहेर तपकिरी आणि मधून सावली. तिन्हीला एकच ट्यूब, एकच त्रिकोण.

आता राखाडी का व्हायचं ते. हे मला खरंच कधी कळलं नव्हतं, मला वाटायचं ट्यूबच वाईट आहे. ताईने सांगितलं की कन्सीलरमध्ये झाकायचं काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड करते आणि त्यात पिवळे, लाल, काळे आयर्न ऑक्साइड मिसळून कातडीचे रंग बनवतात. शेड जितकी फिकट तितकं त्यात पांढरं जास्त. काजळी धरलेल्या भिंतीवर पातळ चुना मारला तर भिंत पांढरी होते का, राखाडी होते, तसंच. निळ्यावर पांढरट थर दिला की राख फासल्यासारखंच दिसणार. मग माणूस काय करतो, अजून एक थर देतो. मीच तो माणूस.

त्यावर उपाय म्हणजे आधी निळं मारायचं आणि मग झाकायचं. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो, जांभळ्याच्या समोर पिवळा, लालच्या समोर हिरवा, आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात, हे चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो पण ते स्वतःच्या तोंडावर कामाला येईल असं वाटलं नव्हतं. कातडी गोरी असेल तर गुलाबीसर पीच पुरतो, मध्यम असेल तर पीच आणि नारिंगीच्या मधला, गडद असेल तर चक्क नारिंगी ते विटकरी. माझ्यावर तिने पीच लावून बघितला, काही फरक नाही, नुसता एक पांढुरका डाग. मग तिने पॅलेटमधला नारिंगी उचलला आणि मी मागे सरकले. कारण डबीत तो रंग बघवत नाही, रस्त्यावरच्या कामाच्या पाटीला असतो तसा भडक. "हलू नकोस." टाचणीच्या डोक्याएवढा, खरंच तेवढाच, अनामिकेच्या टोकावर घेतला, दोन बोटं एकमेकांवर घासून गरम केला आणि फक्त त्या निळ्या कोपऱ्यात टपटपटप केलं, सात-आठ वेळा. आरशात बघितलं तर नारिंगी पण नव्हता आणि निळा पण नव्हता! कातडीचाच रंग, थोडा दमल्यासारखा. अजून कन्सीलर लावलंच नव्हतं.

अनामिका का, तर त्या बोटात जोर कमी असतो. तर्जनीने कितीही हळू करायचं ठरवलं तरी आपण दाबतोच. हे आधी ऐकलेलं होतं पण फालतू वाटायचं, करून बघितल्यावर फरक कळला. आणि टपटप करायचं, पुसायचं नाही. पुसलं की खालचा करेक्टर, म्हणजे तो निळं मारणारा नारिंगी, वरच्या कन्सीलरमध्ये मिसळतो आणि सगळं मिळून एक केशरी चिखल होतो. हा चिखल मी नंतर घरी चांगला तीन वेळा करून बघितला, एकदा तर ऑफिसला उशीर होत होता म्हणून तसाच घेऊन गेले.

मग ताईने माझ्यावर एक प्रयोग केला, त्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. म्हणाली डावा डोळा तू कर, रोज करतेस तसा, अजिबात लाजू नकोस. उजवा मी करते. आणि मग आपण दिवसभर घरातली कामं करू, संध्याकाळी बघू.

मी माझं केलं. क्रीम चोपडलं, लगेच वर कन्सीलरच्या कांडीने त्रिकोण काढून आतून भरला, स्पंजने थोपटलं, पावडर. तिने उजव्याला काय केलं ते मी आरशात बघत होते. क्रीम तिने पण लावलं पण अगदी थोडं, आणि मग ती चक्क उठून गेली. पाच-सात मिनिटांनी आली, टिश्यू पेपर नुसता डोळ्याखाली टेकवला, वर राहिलेलं क्रीम त्यात आलं. "हे राहिलं की कन्सीलर घसरगुंडी खेळतं." मग करेक्टर, ते वर सांगितलंच. मग कन्सीलर, आणि इथे मला वाटलं ती विसरली की काय, कारण तिने तीन ठिपके दिले फक्त. एक आतल्या कोपऱ्यात नाकाच्या बाजूला, जिथे सगळ्यात गडद आहे. एक त्या तिरक्या सावलीच्या रेघेवर, तिच्या बाजूला नाही, बरोबर रेघेवर. आणि एक डोळ्याच्या बाहेरच्या टोकाला, जरासा कानशिलाकडे वर. पापणीच्या केसांच्या लगेच खालचा भाग तिने रिकामाच ठेवला. मी म्हटलं अगं तिथे राहिलं, तर म्हणाली हस बघू. हसले. "बघ, सगळ्या रेषा तिथेच हलतात. तिथे ठेवलेलं सगळं रेषेत जाऊन बसणार, आणि तिथे तुझं काळं आहे कुठे?" खरंच नव्हतं. काळं त्याच्या खाली होतं. मी आरशात इतकी वर्षं बघतेय आणि माझं काळं नक्की कुठून सुरू होतं हे मला माहीत नव्हतं.

ठिपके देऊन ती पुन्हा थांबली, अर्धा मिनिटभर. ओलं असताना लगेच पसरवलं की ते सगळीकडे पातळ होऊन जातं, जरा घट्ट होऊ दिलं की जिथे ठेवलंय तिथेच झाकतं. मग ओला स्पंज, ओला म्हणजे पाण्यात पूर्ण फुगवून मग टॉवेलमध्ये गच्च पिळलेला, नुसता दमट. त्याने ठिपक्याच्या फक्त कडा टिपायच्या, मधल्या भागाला जवळजवळ हातच लावायचा नाही. कडा विरल्या की ठिपका दिसत नाही आणि मधलं जाड राहतं, जिथे गरज आहे तिथे. मी आजवर मधोमध थोपटून सगळा माल स्पंजला पाजत होते.

ताईला मेकअपच्या जुन्या गोष्टींचं वेड आहे, हे करता करता तिने सांगितलं की १९५४ साली मॅक्स फॅक्टर कंपनीने लिपस्टिकसारखी फिरवून वर काढायची कन्सीलरची कांडी आणली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं इरेस, म्हणजे थोडक्यात खोडरबरच. मी म्हटलं मग बरोबरच आहे की, खोडायलाच तर घेतो आपण. तर म्हणाली, "तिथेच घोळ होतो ना, सगळ्यांना खोडायचं असतं. मी मघाशी तुझं किती खोडलं? सत्तर टक्के. उरलेलं राहू दिलं तर डोळा डोळ्यासारखा दिसतो. सगळं पुसलंस तर चेहऱ्यावर दोन भोकं बुजवल्यासारखी दिसतात." तेव्हा मला ते पटलं नव्हतं, मला शंभर टक्केच हवं होतं.

संध्याकाळी चारच्या सुमारास तिने मला परत खिडकीत नेलं. डाव्या डोळ्याखाली, म्हणजे माझ्या, तीन भेगा, त्यात कन्सीलर गोळा होऊन सुकलेलं, त्यांच्या मधे कातडी उघडी, आणि सगळ्यावर ती ओळखीची राख. शिवाय आतल्या कोपऱ्यात बारीक बारीक कण सुटले होते, खोडरबराचा चुरा पडतो ना वहीवर, तसे. हा चुरा मला नेहमी यायचा आणि मी त्याला कातडी सुटतेय समजायचे. तो म्हणजे खालचं सनस्क्रीन सिलिकॉनवालं आणि वरचं कन्सीलर पाणीवालं, दोघांचं पटत नाही, त्यात खालचं वाळायच्या आत वरून चोळलं की हमखास गोळ्या. उजव्या डोळ्याला एक हलकी रेष होती. एकच. आणि त्या बाजूने मी खरंच झोप झालेल्या बाईसारखी दिसत होते. फोटो काढून ठेवलाय मी तो, अर्धा चेहरा झाकून एकेक बाजू बघते अजून कधीकधी.

घरी आल्यावर मला वाटलं की आता सगळं येतं. काही नाही. पहिला आठवडा नुसता गोंधळ. टाचणीच्या डोक्याएवढं घ्यायचं म्हणून घेतलं की मनात येतं एवढ्याने काय होणार, की हात आपोआप अजून घेतो. करेक्टर जास्त झालं की कन्सीलरच्या आतून नारिंगी डोकावतं आणि मग ते झाकायला कन्सीलर जास्त लागतं, की झालो परत जिथे होतो तिथे. शेवटी मी नियम केला की करेक्टर एकदाच घ्यायचं आणि डबीचं झाकण लावून मग आरशाकडे बघायचं. झाकण परत उघडायचा आळस येतो, त्या आळसाने वाचवलं.

शेडचं तर वेगळंच रामायण. दोन शेड फिकट हे कुठून आलं तर तो त्रिकोणवाला प्रकार मुळात झाकण्यापेक्षा चेहऱ्याचा मधला भाग उजळ दाखवायला असतो, कॅमेऱ्यापुढे कडक लाईट असतात तिथे ते चालून जातं. रोजच्या उजेडात कातडीच्या बरोबरीची किंवा फार तर एक शेड फिकट. मी हाताच्या पंजावर लावून घ्यायचे, पण हात आणि तोंड एका रंगाचं असतं का कुणाचं? गालाला किंवा जबड्याच्या कडेला लावायचं आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली निकाल लावायचा नाही, बाहेर उजेडात यायचं, दहा-पंधरा मिनिटं इकडे तिकडे फिरायचं आणि मग बघायचं. बरीच कन्सीलर सुकली आणि कातडीच्या तेलात मिसळली की गडद होतात. मी एकदा घाईत घेतलं ते घरी येईपर्यंत विटकरी झालं होतं. ते आणि जुनं पांढरं दोन्ही हाताच्या मागच्या बाजूला मिसळून मी दोन महिने वापरलं, आणि खरं सांगू, तो माझा सगळ्यात बरोबर जमलेला शेड होता.

पावडरबद्दल दोन गोष्टी. पहिली म्हणजे वेळ. कन्सीलर लावून झालं की वर छताकडे बघायचं, खालची रेष मोकळी होते, तिथे जे काही गोळा झालं असेल ते बोटाने टिपून सारखं करायचं आणि लगेच, नजर वरच ठेवून, पावडर. मी आधी काय करायचे तर कन्सीलर लावून मग भुवया, काजळ, लिपस्टिक सगळं करून शेवटी पावडर, तोवर रेषा भरलेल्या असायच्या आणि पावडरने मी त्या जागच्या जागी पक्क्या करून टाकायचे. दुसरी म्हणजे किती. छोटा पफ पावडरला लावायचा, हातावर झटकायचा, आणि उरलंय असं वाटत नाही ते लावायचं. दाबायचं, घासायचं नाही.

ते बेकिंग म्हणून असतं ना, पावडरचा जाड थर पाच-दहा मिनिटं डोळ्याखाली ठेवून मग झटकायचा, ते मी ताईने नको सांगूनही करून बघितलं कारण व्हिडिओत फार भारी दिसतं. हा प्रकार मुळात ड्रॅग कलाकारांचा (भडक मेकअप करून, बहुतेक बायकांच्या वेशात कार्यक्रम करतात ते) आणि स्टेजवाल्यांचा, कडक दिव्यांखाली घामात तासन्तास टिकावं म्हणून. माझ्या कोरड्या कातडीवर अर्ध्या तासात सुकलेल्या तळ्याचा तळ दिसायला लागला. तेलकट कातडीवाल्या मैत्रिणीला मात्र तेच छान जमतं, तिचं दिवसभर हलत नाही, त्यामुळे सरसकट वाईट म्हणणार नाही मी.

आणि तो पांढरा चष्मा! त्याचा गुन्हेगार शेवटी पावडर निघाली, म्हणजे मुख्य गुन्हेगार. सिलिकावाली बारीक पांढरी पावडर आरशात पारदर्शक दिसते, पण फ्लॅशचा उजेड सरळ परत फेकते, त्यामुळे साध्या डोळ्यांना काही नाही आणि फोटोत चुना. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड पण हेच करतं. माझ्याकडे तिन्ही गोष्टी एकावर एक होत्या, फिकट कन्सीलर, सनस्क्रीन आणि सिलिका. आता कुठे फोटो निघणार असतील तर मी घरातच एका अंधाऱ्या खोलीत जाऊन फ्लॅश मारून एक सेल्फी काढते. घरातल्यांना वाटतं हिचं डोकं फिरलंय. फिरू दे.

डाव्या डोळ्याबद्दल सांगायचं राहिलं. मी डाव्या कुशीवर झोपते आणि सकाळी डाव्या डोळ्याखाली फुगवटा असतो, छोटीशी उशीच म्हणा. त्यावर मी इमानेइतबारे कन्सीलर लावायचे आणि तो अजूनच मोठा दिसायचा. फिकट रंगाने वस्तू पुढे येते, गडद रंगाने मागे जाते, मग फुगलेल्या भागाला फिकट लावल्यावर काय होणार? फुगवटा रंगाने सपाट होत नाही. त्याच्या खाली जी सावलीची कोर पडते, बारीक चंद्रकोरीसारखी, तेवढ्याच कोरीवर बारीक ब्रशने रेघ ओढायची आणि फुगवटा तसाच सोडायचा. हे लिहायला सोपं आहे, करताना ब्रश दोन मिलिमीटर वर गेला की फसलं. मला हे जमायला महिना गेला. बाकी उशी जरा उंच घेतली, सकाळी उठल्याउठल्या फ्रीजमधला गार चमचा दोन-तीन मिनिटं धरला की थोडं उतरतं, पण पूर्ण नाही.

मधे एक फटका पण बसला. डोळे खाजायला लागले, खालची कातडी लाल, आणि मी आपली त्या लालीवर कन्सीलर लावतेय. दोन दिवसांनी सुजलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले, त्यांनी आठवडाभर सगळंच बंद करायला सांगितलं. घरी येऊन ट्यूबच्या मागे बघितलं तर उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात १२एम, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. माझी ट्यूब उघडून दोन वर्षं तरी झाली होती, कारण मधे सहा महिने पडून होती आणि मला वाटलं पडून असलेले महिने धरायचे नसतात! शिवाय रोज ती कांडी तोंडाला लावून परत ट्यूबमध्ये. आता हातावर काढून घेते, आणि ट्यूबवर पट्टी चिकटवून उघडल्याची तारीख लिहिते. नवीन काही घेतलं तर आधी दोन दिवस कानामागे लावून बघते.

काढण्याचं पण तसंच. मी साबणाने खसाखसा धुवायचे, राहिलेलं टॉवेलला. आता कापसावर तेलवालं क्लिन्झर घेऊन डोळ्याखाली वीसेक सेकंद नुसता धरून ठेवते, विरघळलं की खाली ओढून घेते. इतकी वर्षं घासून घासून तिथलं काळं मीच वाढवत होते, ताई म्हणते चोळण्याने पण पिगमेंटेशन वाढतं, म्हणजे झाकायचं पण मीच आणि पिकवायचं पण मीच.

या सगळ्यात अख्खं वर्ष गेलं. पंचवीस मिनिटांची आता पाच झाली आहेत, त्यातली तीन नुसती क्रीम मुरायची वाट बघण्यात जातात, तेवढ्यात मी केस विंचरते. घरी असले की काही लावत नाही. आणि हो, "जसं आहे तसं स्वीकारावं" म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी, स्वीकारलंय गं मी, कधीच, पण आयकार्डवर फोटो पण चांगला हवाय.

परवा नवीन आयकार्डसाठी फोटो होता. सकाळी सगळं नीट केलं, अंधाऱ्या खोलीतला फ्लॅश पण पास झाला, म्हणून जरा हौसेने ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिने काही न बोलता स्क्रीनच्या जवळ येऊन बघितलं, मग म्हणाली, "खिडकीकडे तोंड कर." केलं. "हं. मान खाली. वर. चांगलं केलंयस गं." मी फुलून काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "डाव्या डोळ्याचा आतला कोपरा राहिलाय बघ."

आरसा घेऊन बघितलं. राहिला होता.